चिकटलेली पानं

विशाखा सोनकांबळेच्या वर्गात फळ्याला फारसं काम नसे. नांदेडहून अर्धापूरकडे जाताना, शहर संपता संपता, डाव्या हाताला एक इंटरनॅशनल शाळा लागते. तिथे ती तिसरी-चौथीला शिकवायची. वर्गाची एक अख्खी भिंत मुलांच्या प्रश्नांनी भरलेली असायची. 'पाल छतावरून पडत का नाही?' 'गोदावरीचं पाणी सुट्टीच्या दिवशी पण वाहतं का?' 'म्हशीला पाऊस आधी कसा कळतो?' सोमवारी सकाळी मुलं त्या भिंतीपुढे उभी राहायची, एकेक प्रश्न निवडायची आणि पुढचे पंधरा दिवस त्याच्या मागे लागायची. कुणी चित्र काढून, कुणी मातीत करून, कुणी म्हशीच्या मालकाला जाऊन विचारून. प्रत्येक मुलाची वेगळी फाईल. पाचवीपर्यंत परीक्षा नाही, नंबर नाही. "एका लेकराची फूटपट्टी दुसऱ्याला लावायची नाही," असं विशाखा पालकांना सांगायची, आणि ते तिला अगदी आतून वाटत असे.

वाटायला कारणही होतं. डी.एड. झाल्यावर पहिली चार वर्षं तिने लातूरला एका खासगी शाळेत काढली होती. तिथे दुसरीच्या मुलांचीसुद्धा दर शनिवारी टेस्ट व्हायची आणि सोमवारी वर्गाच्या दारावर नंबराची यादी लागायची. शनिवारी प्रार्थनेच्या रांगेत एखादं पोर हमखास ओकायचं. एकदा शिपाई मावशी सकाळीच ओकारीवर टाकायला मातीने भरलेलं घमेलं घेऊन उभ्या दिसल्या. विशाखाने विचारलं, "मावशी, कुणाला बरं नाही?"

"अजून तर कुणाला न्हाई," मावशी म्हणाल्या, "पर होईल की."

ते घमेलं विशाखाच्या डोळ्यांपुढून हललं नाही. महावितरणात असलेल्या नवऱ्याची, आदर्शची, नांदेडला बदली झाली, तेव्हा तिने या शाळेत अर्ज केला आणि पहिल्याच दिवशी मनाशी ठरवलं, की आपल्या वर्गात कुठलंच लेकरू भिऊन ओकणार नाही. ते तिने पाळलं. तिच्या वर्गात खरंच कुणी भीत नव्हतं.

तिच्या वडिलांना हे सगळं पटत नसे. ग्यानोबा गुरुजींनी मुखेड तालुक्यातल्या जिल्हा परिषदेच्या शाळांमधून चौतीस वर्षं शिकवलं. पाढे, बाराखडी, शुद्धलेखन, आणि टेबलाच्या खणात निंबाची छडी. घरात अक्षर आणणारे ते पहिले, त्यामुळे अक्षराच्या बाबतीत त्यांच्याकडे थट्टा चालत नसे.

"परीक्षाच न्हाई म्हणल्यावर लेकरू कुठवर आलं ते तुला कळतं कसं?" ते विचारायचे.

"बघून कळतं, अण्णा."

"बघून?"

"हाव. मी एकेका लेकराला रोज बघते."

गुरुजी मान हलवून वर्तमानपत्र उघडायचे. पण नंतर या उत्तराची आठवण झाली की विशाखाला स्वतःचा आवाज नकोसा व्हायचा.

तनुजा तिच्या वर्गात आली ती तिसरीला. अर्धापूरची मुलगी. वडील शिवकुमार यांची केळीची बाग, शिवाय केळी पिकवायचा एक थंड खोल्यांचा कारखाना, ज्याला तिकडे सगळे 'चेंबर'च म्हणतात. आई महानंदा सातवीपर्यंत शिकलेली. तनुजा म्हणजे बोलकं झाड. कुठलीही गोष्ट एकदा ऐकली की पक्की. वर्गात कुणाचं काय चाललंय, कुणाचा प्रश्न कुठे अडलाय, सगळं तिला तोंडपाठ. पाहुणे आले की विशाखा तिलाच पुढे करायची, आणि तनुजा कमरेवर हात ठेवून अख्खा वर्ग समजावून सांगायची.

तिसरीच्या ऑगस्टमधली गोष्ट. वर्गात वाचनाचा एक कोपरा होता, तिथे विशाखा एकेका मुलाला जवळ घेऊन वाचायला लावायची. तनुजाने एका उंटाच्या गोष्टीचं पुस्तक निवडलं. मागच्या आठवड्यात विशाखानेच ते वर्गात दोनदा वाचून दाखवलं होतं. तनुजा ओळीखाली बोट धरून घडाघडा वाचायला लागली. मध्येच दोन पानं एकमेकांना चिकटलेली होती, कुणीतरी डब्यातल्या शिऱ्याचा हात पुसला असावा. ती दोन्ही एकदम उलटली गेली. समोरच्या चित्रात उंट घरी पोचून झोपलेला होता. तनुजाचं बोट ओळीवरून नीट सरकत होतं आणि तोंडाने ती वाचत होती, "मग उंट विहिरीपाशी आला आणि विहिरीला म्हणाला..."

विहीर त्या चिकटलेल्या पानांत राहिली होती.

विशाखाने काही न बोलता दुसरं, नवं पुस्तक तिच्यापुढे उघडलं. तनुजाने पानाकडे पाहिलं, मग खिडकीकडे.

"मॅडम, माझं पोट दुखून राहिलंय."

"जा, पाणी पी."

तनुजा गेली ती पुन्हा त्या कोपऱ्यात आली नाही, आणि विशाखानेही तिला बोलावलं नाही. पुढच्याच आठवड्यात शाळेची तपासणी करायला बाहेरचे लोक यायचे होते. त्यांना दाखवायला विशाखाचा वर्ग निवडला होता आणि वर्गात बोलायला तनुजा. संध्याकाळी विशाखाने तनुजाच्या फाईलमध्ये लिहिलं: 'स्मरणशक्ती विलक्षण. वाचन तिच्या गतीने येईल.' पेनाला टोपण लावताना तिला वाटलं, आपण खोटं लिहिलं. मग वाटलं, खोटं कुठे आहे? स्मरणशक्ती विलक्षण आहेच की.

दिवाळीच्या सुट्टीनंतर महानंदा शाळेत आली. भेटीचा दिवस नव्हता, वेळ घेतलेली नव्हती. पदर सावरत दाराशी उभी राहिली.

"मॅडम, एक इचारू का? रागावू नका."

"या ना ताई."

"तनू वाचत न्हाई हो. इंग्रजीचं मला कळत न्हाई, पर मराठी पाटीबी वाचत न्हाई ती. सुट्टीत मी रोज सांजच्याला घेऊन बसले. बाराखडीपासनं. आज सांगती, उद्या साफ इसरती. एवढी हुशार पोरगी, मग हेच का असं?"

विशाखाच्या मनात उंटाचं पुस्तक आलं. ते बाजूला सारून तिने विचारलं, "तुम्ही बाराखडी घोकून घेता?"

"हाव. मला तसंच शिकवलं व्हतं."

"ते बंद करा, ताई. अशानं तिच्या मनात वाचनाची भीती बसेल. लेकरू आपल्या वेळेला फुलतं. तुमच्या बागेत कोंब वर यायला तुम्ही त्याला हातानं ओढता का?"

महानंदा ओशाळून हसली. "न्हाई. ते तर खरंच हाय. माझंच चुकलं, मॅडम. मी सातवी शिकलेली बाई, मला काय कळतंय."

"असं नाही हो ताई," विशाखा म्हणाली, आणि तिच्या खांद्यावर हात ठेवला. महानंदा निघून गेल्यावर तिला बरंसुद्धा वाटलं. एका आईला आपण समजावलं, एका लेकराची घोकंपट्टीतून सुटका केली, असं.

या शाळेत शिक्षिका दोन वर्षं त्याच मुलांबरोबर पुढे जाते. चौथीत तनुजाने भिंतीवर प्रश्न लावला: 'हिरव्या केळ्याला पिवळं व्हायला कोण सांगतं?' कागदावरचं अक्षर मैत्रिणीचं, साक्षीचं होतं. तनुजा बोलायची, साक्षी लिहायची, असंच नेहमी चालायचं. तनुजाने घरून केळ्याची एक फणी आणली. एक केळं एकटं डब्यात ठेवलं, एक तांदळात पुरलं, एक पिकलेल्या केळ्याच्या शेजारी कागदी पिशवीत बांधलं. रोज सकाळी तिघांना हुंगून, दाबून बघायची आणि साक्षीला सांगायची. पिशवीतलं आधी पिकलं. तनुजा म्हणाली, "पिकलेलं केळं कच्च्याला सांगतं, आता तुझी पाळी." मग वडिलांच्या चेंबरमधल्या कामगारांना विचारून तिने त्यामागचा वायूही शोधून काढला.

हे सगळं इतकं सुंदर झालं, की शाळेने विशाखाला पुण्यात शिक्षकांच्या एका शिबिरात बोलायला पाठवलं. पडद्यावर तनुजाचा फोटो, हातात पिशवी, डोळे चमकतायत. एका शिक्षिकेने हात वर केला. "मुलीने स्वतः लिहिलेलं काही आहे का?"

"ती बोलून नोंद करते, मैत्रीण लिहिते," विशाखा म्हणाली. "एकमेकींच्या आधाराने शिकणं."

टाळ्या पडल्या. विशाखाने घाईने पुढचं चित्र पडद्यावर आणलं.

जानेवारीत शाळेचं प्रदर्शन भरलं. ग्यानोबा गुरुजी तेव्हा मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी लेकीकडे आले होते. काळा चष्मा लावून, काठी टेकत तेही प्रदर्शनाला आले. तनुजाच्या केळ्यांच्या टेबलापाशी ते रेंगाळले. समोर पुठ्ठ्यावर मराठी-इंग्रजीत माहिती लिहिलेली होती.

"बाळा, माझा डोळा नुकताच कापलाय. बारीक अक्षर दिसंना. जरा वाचून दाखव की."

तनुजाने पुठ्ठ्याकडे तोंड करून सगळं म्हणून दाखवलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. गुरुजी खूश झाले. शेजारचं टेबल साक्षीचं होतं, पण ती पाणी प्यायला गेली होती. गुरुजींनी काठीने तिकडे दाखवलं.

"अन् हे काय लिहिलंय?"

"ते माझं न्हाई, आजोबा. साक्षीचं हाय."

"असू दे. अक्षरं तर तीच हायत ना? वाच."

तनुजा पुठ्ठ्याकडे बघत राहिली. तिच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. तिने मान वळवली आणि गुरुजींच्या मागे उभ्या असलेल्या विशाखाकडे पाहिलं. मग अगदी हळू म्हणाली, "येत न्हाई."

"अण्णा, चला, चहा घेऊ," विशाखा पटकन पुढे होऊन म्हणाली, आणि त्यांचा दंड धरून तिने त्यांना तिथून हलवलं. मागे वळून बघायची तिची हिंमत झाली नाही.

दोघं घरी आली. चप्पल काढून ते बाजेवर बसले.

"त्या लेकराला वाचता येत न्हाई."

"तिची शिकायची पद्धत वेगळी आहे, अण्णा."

"पद्धत मागून सांग. वाचता येतं का न्हाई?"

"नाही येत."

"तुला ठाऊक व्हतं?"

"हाव."

"कवापासनं?"

"दीड वर्ष झालं."

आता अण्णा ओरडतील असं तिला वाटलं. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते चष्मा काढून तो धोतराच्या सोग्याने पुसत बसले, जणू त्याच्यावरच काहीतरी चिकटलं होतं.

"माझ्या वर्गात गुणा म्हणून एक पोरगी व्हती," ते म्हणाले. "अशीच. तोंडानं सगळं यायचं, पाटीवर काही उमटायचं न्हाई. मला वाटलं सोंग करती. हातावर छड्या दिल्या. मग चौथीतनं उचलून पहिलीत नेऊन बसवली. बारकी पोरं हसायची. दिवाळीनंतर ती आलीच न्हाई. आता मुखेडच्या बाजारात भाजी घेऊन बसती, गुणाबाई. मी दिसलो की हाक मारती, 'गुरुजी, वांगी न्या,' अन् मापापेक्षा दोन जास्तच टाकती पिशवीत. म्हणून मी आजकाल बाजारात त्या अंगानं जातच न्हाई."

विशाखाने हे कधी ऐकलं नव्हतं.

"तू मारलं न्हाईस, ते बरं केलंस," गुरुजी म्हणाले. "पर वाचायला तूबी न्हाई शिकवलंस, बाई."

सोमवारी मधल्या सुट्टीत विशाखाने तनुजाला थांबवून घेतलं. दोघी वाचनाच्या कोपऱ्यात चटईवर बसल्या. काय बोलायचं ते विशाखाने घरून ठरवून आणलं होतं, पण ते तोंडातून निघेना.

"तनू, तुला वाचायला त्रास होतो, हे मला माहीत आहे."

"मला वाटलंच, तुम्हाला माहीत हाय," तनुजा म्हणाली.

"कधीपासून?"

"उंटाच्या पुस्तकापासनं. पानं चिकटली व्हती ना? साक्षीनं ते पुस्तक नंतर वाचलं, तवा मला कळलं, मी भलतंच पान म्हणलं व्हतं." ती चटईची काडी उपसत होती. "तुम्ही काही बोलला न्हाईत. तुम्ही म्हणता ना, प्रत्येकाचं वेगळं असतं. मग मला वाटलं, साक्षीचं वाचायचं असतं अन् माझं बोलायचं. माझ्यात वाचणं नसंल."

ज्या वाक्यावर विशाखाने आपली सगळी नोकरी उभी केली होती, ते वाक्य या मुलीने नीट ऐकलं होतं आणि त्यातून हे शिकली होती.

"अक्षरं कशी दिसतात तुला? हलतात का?"

"दिसतात की नीट. पर त्यांच्यातनं आवाज येत न्हाई."

त्याच दुपारी विशाखा प्रिन्सिपल मॅडमकडे गेली. त्या वाईट बाई नव्हत्या. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं, तज्ज्ञाकडून तपासणी करून घ्यायला लगेच मान्यता दिली. मग म्हणाल्या, "पालकांना असं कळवू, की अडचण आत्ता लक्षात आली. मागच्या नोंदी काढून दाखवायची गरज नाही. तुम्ही चांगल्या शिक्षिका आहात, एका चुकीने सगळं मातीत घालू नका."

विशाखा "बरं" म्हणून बाहेर आली. आठवडाभर ती ते 'बरं' घेऊन फिरत होती. वर्गात तनुजा नेहमीसारखी हसायची, तेव्हा तिच्याकडे बघवत नसे. रविवारी तिने तनुजाची फाईल पिशवीत घातली आणि स्कूटीवरून अर्धापूर गाठलं.

महानंदाने खुर्ची पुसून दिली, पाणी दिलं. मॅडम घरी आल्या म्हणून तिचा चेहरा फुलला होता. शिवकुमार बागेतून हात धुऊन आले. विशाखाने फाईल उघडून ऑगस्टची नोंद त्यांच्यापुढे ठेवली आणि उंटाच्या पुस्तकापासून सगळं सांगितलं. काही गाळलं नाही.

महानंदा ऐकत होती. चेहऱ्यावरचं हसू कधी गेलं ते कळलं नाही.

"म्हंजे मी दिवाळीनंतर इचारायला आले, तवा तुम्हाला ठाऊक व्हतं?"

"हो."

"अन् तरी तुम्ही म्हणलात, बंद करा."

"हो, ताई."

"मी बंद केलं." महानंदाचा आवाज चढला नाही. "सासूबाई म्हणायच्या, घेऊन बस पोरीला. मी त्यांच्याशी भांडले. म्हणलं, मॅडम नको म्हणल्यात, तुम्हाला मॅडमपेक्षा जास्त कळतंय का? पाटी मी माळ्यावर टाकली. पोरगी एकदा स्वतः घेऊन आली व्हती पुस्तक, 'आई, शिकव' म्हणत. मी म्हणलं, न्हाई गं, आपल्या वेळेला येतंय ते."

ही शेवटची गोष्ट विशाखाला माहीत नव्हती. ती ऐकून तिला वाटलं, आपण आता उठून जावं, पण ती बसून राहिली.

शिवकुमार मात्र उसळले. "आम्ही खेड्यातली माणसं म्हणून काहीबी सांगायचं? मोठ्या शाळेत घातली ती यासाठी? न्या तुमची फाईल. पोरगी परीक्षा संपली की तिथं येणार न्हाई."

"आमच्याकडे परीक्षा नसते," असं विशाखाच्या तोंडाशी आलं होतं. तिने ते गिळलं.

नांदेडच्या एका डॉक्टरांनी तनुजाला तपासलं. बुद्धी उत्तम, नजर उत्तम, कान उत्तम. जन्मापासूनच काही मुलांना अक्षर आणि आवाज यांची सांगड घालणं जड जातं, म्हणाले, तशातली ही. वेगळ्या रीतीने, टप्प्याटप्प्याने शिकवलं की येतं. "पण नुसती वाट बघून या मुलांना वाचन येत नाही," असंही म्हणाले. हे वाक्य महानंदाने फोनवर विशाखाला जसंच्या तसं सांगितलं आणि फोन ठेवला.

एप्रिलनंतर तनुजा अर्धापुरातल्याच शाळेत जायला लागली. विशाखाने पुण्याच्या त्या शिबिरवाल्यांना पत्र लिहिलं, की मी तुम्हाला जे सांगितलं ते अर्धंच होतं, उरलेलं हे. त्याला उत्तर आलं नाही. शाळेत पाहुण्यांना दाखवायचा वर्ग दुसऱ्या शिक्षिकेचा झाला. प्रश्नांची भिंत विशाखाने काढली नाही, तिच्यावरचा तिचा विश्वास गेला नव्हता. पण आता दर आठवड्याला प्रत्येक मूल तिच्याजवळ बसून कधीही न पाहिलेलं पान वाचतं, आणि जे घडतं ते ती तसंच लिहिते. पहिल्याच महिन्यात तिला आणखी दोन मुलं सापडली, त्यातला एक तर वर्गातला सगळ्यात गप्प मुलगा. त्या दोघांच्या आईवडिलांना तिने त्याच आठवड्यात बोलावलं.

त्या वर्षी जूनपासून ती दर शनिवारी पहाटेची एसटी धरून लातूरला जायची. तिथे एक बाई अशा मुलांना शिकवायचं प्रशिक्षण देत. सहा महिने विशाखा तिथे विद्यार्थ्यासारखी बसली. टाळी वाजवून शब्दाचे तुकडे पाडायचे, एका वेळी एकच आवाज घ्यायचा, तो तोंडाने म्हणत म्हणत वाळूत बोटाने गिरवायचा, तो पक्का झाल्याशिवाय पुढच्याला हात लावायचा नाही. शिकताना तिला सारखं वाटायचं, हे तर महानंदा शाळेत आली त्या संध्याकाळीच आपण कुणाला तरी विचारू शकलो असतो. नुसता एक फोन करायचा होता.

प्रशिक्षण चालू असतानाच ती अर्धापूरला पुन्हा गेली, तेव्हा महानंदाने तिला ओट्यावरच थांबवलं.

"मला तनूला शिकवायचंय, ताई. रविवारी येत जाईन."

"न्हाई मॅडम. आता नको."

महिन्याभराने ती परत गेली. तेव्हाही तेच उत्तर. तिसऱ्यांदा गेली तेव्हा पोळ्याचा दुसरा दिवस होता. महानंदा शिळ्या पुरणपोळ्या गरम करत होती. तिने विशाखाला आत बोलावलं, ताटली पुढे ठेवली आणि म्हणाली, "डॉक्टरनं सांगितलेल्या बाई लातूरला हायत. तनूला दर आठवड्याला तिथवर न्यायला आम्हाला होईना. तुम्ही शिकवा. पर मीबी बसणार. तुम्ही काय करता, का करता, सगळं मला कळलं पायजे."

"बसा, ताई. तुम्ही बसाच."

तेव्हापासून रविवारी तिघी बसतात. मध्ये परातीत वाळू. पहिले कितीतरी रविवार तनुजा रुसून असायची. ज्या मुलीने पाहुण्यांपुढे अख्खा वर्ग समजावला, तिला 'मगर' या तीन अक्षरांपाशी अडून बसावं लागायचं. एकदा तिने परात ढकलून दिली, वाळू सगळ्या घरभर झाली. "आधी का न्हाई शिकवलं?" ती विशाखावर ओरडली. "तिसरीत शिकवलं असतं तर आता नसतं करावं लागलं!" महानंदाने तिला गप्प केलं नाही. विशाखाने केरसुणी घेतली आणि वाळू गोळा करायला लागली. थोड्या वेळाने तनुजा सुपली घेऊन आली.

मुखेडला गुरुजी एका बाजारच्या दिवशी मुद्दाम भाजीवाल्यांच्या रांगेत गेले. रात्री फोनवर विशाखाने विचारलं, "बोललात का गुणाबाईशी?"

"बोललो. म्हणलं, माझं चुकलं. ती म्हणती, गुरुजी, मला तर काहीच आठवत न्हाई." मग म्हणाले, "खोटं बोलली."

तनुजा आता सहावीत आहे. ओळखीचं पान ती बऱ्यापैकी वाचते, अनोळखी पानाला वेळ लागतो, आणि जोडाक्षरं आली की अजूनही ओठ घट्ट मिटते. परीक्षेत तिला जादा वेळ मिळतो. चेंबरवरच्या पेट्यांची चिठ्ठी ती स्वतः वाचते, आणि चुकीची असली तर कामगारांना सुनावते. विशाखाला हे ऐकून आनंद होतो, आणि त्या आनंदाच्या पाठोपाठ दर वेळी एक हिशेब येतो: तिसरीतच सुरू केलं असतं तर आज ती कुठे असती. त्याचं उत्तर कुणाकडेच नाही, म्हणून तो मिटतही नाही.

महानंदा तिला चहा देते, घरात काही गोडधोड झालं तर डबा भरून देते, 'मॅडम'च म्हणते. पण विशाखाचा शब्द ती आता नुसता मानत नाही. परवाच्या रविवारी विशाखा म्हणाली, "ताई, या महिन्यात तनूनं चांगली मजल मारली."

महानंदाने कप खाली ठेवला. "नक्की का?"

विशाखाने रविवारच्या नोंदींची वही तिच्याकडे सरकवली. महानंदाने पदराने हात पुसले, वही मांडीवर घेतली आणि पहिल्या पानापासून, बोट धरून, एकेक नोंद वाचायला सुरुवात केली. विशाखा तिचं वाचून होईपर्यंत थांबली.